लेकीच्या घरचं तिखट

अन्न खात्याचा साहेब दारात आला तेव्हा मी सुपात भाजलेल्या शेंगदाण्यांची फोलपटं पाखडत होते. तरुण होता. बूट बाहेर काढून आत आला, मला आजी म्हणाला आणि ओळखपत्र पुढं केलं. मी ते वाचलं. लोकांना वाटतं मला वाचता येत नाही. मी चौथी पास आहे आणि चौथीपर्यंत जे शिकवलं ते मला अजून येतं.

त्यानं आधी नोंदणीचा कागद मागितला. तो आमच्या भिंतीवर काचेत लावलेला होता. त्यावर माझं नाव, माझा फोटो आणि खाली चौदा आकडी नंबर. तोच नंबर चटणीच्या प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. हा कागद काढायचा होता तेव्हा मी मुलाला म्हटलं होतं, तुझ्या नावावर कर. तो म्हणाला, चटणी तुझी, नावही तुझंच पाहिजे. तेव्हा तो एका दुकानात नोकरीला होता, त्यामुळे माझं नाव त्याला सोयीचं होतं. मानाचा भाग किती आणि सोयीचा किती, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

शेंगाचटणी मी आयुष्यभर कुटत आले. आधी घरापुरती, मग नवरा गेल्यावर पोटासाठी. पहिली काही वर्षं उखळात कुटली. खांदा निकामी झाल्यावर मुलानं कुटायला मोटारीवरचा डंका बसवला. नंतर त्यानं नोकरी सोडली आणि स्कूटरवरून दुकानादुकानांत पाकिटं पोचवायला लागला. सून पाकिटं भरायची आणि लेबल चिकटवायची. लेबल छापायला जाण्याआधी मी वाचायची. घटक: शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरे. जे जास्त पडतं ते आधी लिहायचं, असा नियम आहे. शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका, वजन, बनवल्याची तारीख, किती महिन्यांत संपवायची ते. मला तो कागद आवडायचा. आत काय आहे ते बाहेर लिहिलेलं असावं, यात मला काही चूक दिसत नव्हती.

साहेबानं एकाच दिवशी भरलेली चार पाकिटं उचलली, त्यांची किंमत माझ्या हातात दिली आणि पावतीवर सही घेतली. शेजारचे दोघं पंच म्हणून बोलावले. त्यांच्यासमोर प्रत्येक पाकीट कागदात गुंडाळलं, दोऱ्यानं बांधलं आणि वर लाख वितळवून शिक्का मारला. एक तपासायला जातं, बाकीची पुढं वाद झाला तर लागतात म्हणून ठेवतात, असं त्यानं समजावून सांगितलं. मुलगा हसत म्हणाला, खुशाल न्या, आमच्या मालात काही निघणार न्हाय. साहेबही हसला. मी त्या गरम लाखेकडं बघत होते. काय निघणार ते मला माहीत होतं.

माझा नवरा सुताच्या रंगकामावर होता. इथं सोलापुरात चादरीचं सूत रंगवायचे तिथं. सुट्टीच्या दिवशी तो दगडानं नखं घासायचा, तरी रंग निघायचा नाही. त्यामुळं कापडाचा रंग कसा असतो आणि मिरचीचा कसा, हे मला कुणी शिकवायला नको. मिरचीचा रंग हाताला संध्याकाळपर्यंत टिकतो आणि हाताची आग होते. कापडाचा रंग आग करत नाही, पण नखात तीन दिवस बसतो.

दिवाळीनंतर लेकीकडून तिखटाचं पोतं आलं. पहिला घाणा कुटला आणि शेवटी नेहमीप्रमाणं मी हातानं कालवला, कारण मीठ सगळीकडं लागलं का ते हातालाच कळतं. शेंगदाण्याचं तेल सुटलं. एरवी ते तांबूस पिवळं असतं. ते कुंकू कालवल्यासारखं लाल होतं. बोटभर चाखून बघितलं तर तिखटपणा निम्मासुद्धा नव्हता. तिसऱ्या दिवशी माझी नखं लालच होती. म्हणजे मला पहिल्या घाण्यालाच कळलं होतं. मी कुणाला काही बोलले नाही आणि दुसरा घाणा कुटायला घेतला.

आता हे का, ते सांगते. लेक टेंभुर्णीला दिली आहे. जावयाची हायवेला लागून मिरचीची गिरणी आहे. मिरच्या घेतो, दळतो, तिखट विकतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून आमचं तिखट तिकडून येतं. आमच्यात लेकीच्या घरचं फुकट खात नाहीत. माझी आई तर माझ्या सासरी पाणीसुद्धा प्यायची नाही. पण लेकीच्या घरी जाऊन व्यापार करायचा, भाव विचारायचा, पावती मागायची, हेही शोभत नाही. म्हणून मी तिखटाचे पैसे खणात गुंडाळून, ओटी भरताना लेकीच्या हातात द्यायची. ती ते नवऱ्याला द्यायची. पोतं आलं की मी ते काट्यावरसुद्धा ठेवत नव्हते. शेजारणी म्हणायच्या, व्याही असावेत तर असे. अशा रीतीनं इतकी वर्षं तिखट आलं आणि त्याचा एक कागद कुठं नाही. जावयाच्या तिखटात रंग आहे असं म्हणायचं म्हणजे लेकीच्या ताटात माती टाकायची. मी ते केलं नाही. लोकांच्या ताटात टाकली.

साहेब होळीच्या सुमारास आला होता. ऊन तापल्यावर नोटीस आली. मुलानं मोठ्यानं वाचली आणि मध्येच थांबला, तेव्हा पुढची मी वाचली. तेलात विरघळणारा रंग सापडला होता, खायला बंदी असलेला. दोन शब्द होते. एक मिथ्याछाप, म्हणजे आत जे आहे ते लेबलवर नाही. दुसरा असुरक्षित. माल नुसता कमी दर्जाचा निघाला असता तर दंडावर भागलं असतं. असुरक्षित म्हणजे कोर्ट आणि कदाचित तुरुंगही. आरोपी म्हणून एकच नाव होतं, काचेतल्या कागदावरचं.

मुलगा दोन दिवस जेवला नाही. मग वकील गाठला. वकिलानं सांगितलं, अहवाल मान्य नसेल तर तीस दिवसांत अर्ज करून दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायला लावता येतं. मुलगा म्हणाला, करा. मी म्हणाले, कशाला उगाच. दोघांनी माझ्याकडं बघितलं. का नको, ते मला सांगता आलं नाही. अर्ज गेला. तिथूनही तेच आलं.

दरम्यान दुकानांतून सगळी पाकिटं परत आणायचा हुकूम झाला. मुलगा स्कूटरवरून जाऊन गोळा करून आणायचा आणि सून ती मोजून साहेबाच्या ताब्यात द्यायची. दिवाळीपासूनची बरीचशी लोकांच्या पोटात गेलेली होती. मी साहेबाला विचारलं, खाणाऱ्याला काय होतं. तो म्हणाला, एका दिवसात काही होत न्हाय आजी, म्हणून तर कुणाच्या ध्यानात येत न्हाय. साठत जातं.

मग त्यानं आम्हाला कचेरीत बोलावलं. सात रस्त्याला रिक्षा बदलून मी आणि मुलगा गेलो. तिखट कुठून आणलं, एवढंच त्याला पाहिजे होतं. तो म्हणाला, नोंदणी असलेल्या माणसाकडून पावती घेऊन माल घेतला असेल आणि पावती दाखवली, तर जबाबदारी त्याच्यावर जाते, तुमची सुटका होऊ शकते. पावती आहे का? मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर भेसळ कशी ओळखावी याची चित्रं लावलेली होती. पाण्याच्या पेल्यात तिखट टाकलेलं, रंगाच्या रेघा खाली उतरताना दाखवलेल्या. मी म्हणाले, पावती शोधते. त्यानं सोमवारपर्यंत मुदत दिली.

बाहेर वकील थांबला होता, त्यानं त्याचा बेत सांगितला. म्हणे तुम्ही फक्त म्हणायचं की मी अडाणी बाई, मला लिहिता-वाचता येत नाही, कुठंतरी बाजारात सुटं तिखट घेतलं, दुकान आठवत नाही.

"अडाणी म्हातारी म्हटलं की कोर्टाचं पण मन जरा नरम पडतं, आजी."

मी विचारलं, मग लेबल कुणी वाचलं, कागदांवर सह्या कुणी केल्या? तो म्हणाला, सगळं मुलगा बघायचा असं म्हणू. म्हणजे मी सुटायचं तर मुलगा अडकणार. मुलाला आणि मला दोघांना सुटायचं तर जावई अडकणार आणि त्याच्याबरोबर लेक. कुणालाच अडकवायचं नसेल तर मी तुरुंगात जायचं, वय बघून पाठवलं नाही तरी मरेपर्यंत तारखांना जायचं. मी तिन्ही बाजूंनी विचार करून बघितला. घराला एकच दार असतं तसं झालं होतं आणि त्या दारात मीच बसलेली.

शुक्रवारी मी एसटीनं टेंभुर्णीला गेले. एकटीच. मुलाला सांगितलं, लेकीला बरं नाही.

जावई गिरणीवर होता. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. तो वाईट माणूस नाही, हे मला इथं लिहिलं पाहिजे. माझ्या लेकीला त्यानं कधी वाकडा शब्द बोललेला नाही. तिच्या दोन्ही बाळंतपणांत दवाखान्यात तोच बसून होता. मी सरळ विचारलं, तिखटात रंग घातला होता का. त्यानं गिरणी बंद केली. आवाज थांबल्यावर मला वाटलं आता हा नाही म्हणेल. तो म्हणाला, गेल्या साली मिरची भिजली मामी, पांढरी पडली. पांढरं तिखट कोण घेतंय?

"लोक डोळ्यानं खातात की. तुमची चटणी लालभडक दिसली म्हणून तर ती जास्त खपली. तुमच्या लेकानंच फोन करून सांगितलं, मागच्यासारखंच लाल पाठवा म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मुलाला रंगाचं कळलं होतं की नुसता लालपणा आवडला होता, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. विचारलं तर तो सांगेल आणि मग तेही माझ्याजवळ राहील.

मी जावयाला म्हटलं, साहेब विचारतोय, तिखट कुणाचं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"सांगा की, माझी काय ना न्हाय. पण मामी, कागुद कुटं हाय?"

तो दमदाटी करत नव्हता. खरंच विचारत होता. त्याचा आवाज उलट मऊ झाला होता. मला लेकीच्या हातात खणात गुंडाळून दिलेले पैसे आठवले आणि मी उठले.

लेक घरात भाकरी करत होती. तिला सगळं माहीत होतं. मी पाटावर बसले. तिनं मला पाणी दिलं, मी प्यायले. मग मी म्हणाले, सोमवारी मी त्यांचं नाव सांगणार आहे. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तू नाव घे, आई. तू सोलापूरला जाशील. मला हितंच ऱ्हायचंय."

मी म्हणाले, इतके महिने मी गप्प बसले ते तुझ्यासाठीच.

"मी सांगितलं होतं का तुला गप्प बस म्हणून? मला सांगितलं असतंस, मी भांडले असते त्यांच्याशी. तू मला न विचारता गप्प बसलीस आणि आता मला विचारून बोलणार."

ती खरं बोलत होती. लहानपणापासून तिला तोंड माझंच मिळालेलं आहे. तिनं मला जेवायला वाढलं. भाकरीबरोबर त्यांच्याच गिरणीच्या तिखटाचा ठेचा होता. मी दूध-भाकरी मागितली. तिनं ठेचा उचलून ठेवला आणि दूध दिलं.

सोमवारी कचेरीत मी जावयाचं नाव सांगितलं. गिरणी कुठं आहे, कधीपासून तिखट येतं, पैसे कसे द्यायची, सगळं सांगितलं. मुलगा शेजारी बसून माझं कोपर ओढत होता. वकिलानं कपाळाला हात लावला. साहेबानं लिहून घेतलं, मला वाचायला दिलं, मी वाचून सही केली. मग तो म्हणाला, आजी, पावती नसेल तर हा फक्त तुमचा शब्द आहे. पण आम्ही तिथं जाऊन तपासणी करू.

ते दोन दिवसांनी गेले. गिरणी धुऊन चुना मारलेली होती. जुन्या मालाचं एक पोतं नव्हतं. नवीन पोत्यांतून नमुने घेतले ते चांगले निघाले. तिथला एक कामगार म्हणे म्हणाला, आमच्याकडून सोलापूरला माल जातो हे मला माहीत नाही. साहेबानं मला हे फोनवर सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण त्याला काहीतरी समजलं असावं, कारण त्यानं विचारलं, नाव सांगायच्या आधी तुम्ही कुणाशी बोलला होता का.

मी नाही म्हणाले.

शुक्रवारी मी लेकीला सांगितलं होतं ते कुणालाच सांगितलेलं नाही, वकिलालाही नाही. शुक्रवार ते बुधवार म्हणजे गिरणी धुवायला भरपूर दिवस झाले. जावयाला मी साहेब विचारतोय एवढंच बोलले होते, पण मी नाव घेणार हे लेक त्याला सांगणार, ते मला टेंभुर्णीच्या एसटीत बसतानाच ठाऊक होतं. कुठलीही बायको सांगेल. मला नाव घ्यायचं होतं आणि त्याला काही व्हायलाही नको होतं. दोन्ही एकदम पाहिजे असल्यावर काय होतं, ते झालं. खरं सांगितल्याचा मान मला मिळाला नाही आणि लेकीचं घर मला तुटलं ते तुटलंच. मी खोटं बोलले असते तर निदान एक बाजू तरी धड राहिली असती.

मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, नाव घ्यायचंच होतं तर बातमी न देता घ्यायचं, नाहीतर वकिलानं सांगितलं तसं अडाणी व्हायचं. म्हणजे बातमी कशी फुटली ते त्यानं ताडलं होतं. मी त्याला लाल तिखटाच्या फोनचं विचारलं नाही. आमच्या दोघांत आता एवढंच समान आहे, दोघांनाही एकमेकांचं थोडं थोडं माहीत आहे.

नोंदणी रद्द झाली. काच रिकामी नको म्हणून सुनेनं तिथं कॅलेंडर लावलं. डंका कापडानं झाकून ठेवलाय. मुलगा पुन्हा त्याच दुकानात कामाला जातो. खटला माझ्या एकटीच्या नावावर चालू आहे. तारखेला मी जाते, बाकावर बसते, नाव पुकारलं की उभी राहते, पुढची तारीख मिळते. वकिलानं बजावलं आहे की बाहेर कुणाशी या विषयावर अक्षर बोलायचं नाही, तिखट, गिरणी, जावई, काहीच नाही. जे बोलाल ते उलट तुमच्यावर येईल. आता खात्याला शंभर गोष्टी सांगितल्या तरी मी वचपा काढतेय असंच समजलं जाईल, असंही तो म्हणाला. ते मला पटलं.

जावयाची गिरणी चालू आहे. त्यानं आता तिखटाची पाकिटं काढली आहेत. लेबल चांगलं छापलंय, नंबर आहे, घटकांत एकच शब्द, लाल मिरची. आमच्या भागातल्या दुकानांतही ती आली आहेत. आत आता काय आहे ते मला माहीत नाही. लाख वितळवणारा साहेब गेला तेव्हा तरी चांगलंच निघालं होतं. मिरची पुन्हा कुठल्या साली भिजेल ते सांगता येत नाही.

लेक रविवारी फोन करते. पोरांच्या परीक्षा, पाण्याचे टँकर, कुणाचं लग्न ठरलं. ओटी भरायला ये म्हणत नाही. मीही येते म्हणत नाही.

परवा गल्लीतली एक सून माझ्याकडं आली. नवीन लग्न होऊन आलेली, तिला आमचं काही माहीत नाही. हातात जावयाचं पाकीट होतं. म्हणाली, आजी, तुम्ही चटणीवाल्या होता म्हणे, तुम्हाला पारख असेल. हे तिखट चांगलं हाय का?

मी पाकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. सगळं नियमाप्रमाणं होतं. मी म्हणाले, सुक्या मिरच्या आण, निवड, वाळव आणि स्वतः उभी राहून कांडून घे.

ती म्हणाली, का, ह्यात काय वाईट हाय?

मी तिला पाकीट परत दिलं, दूध उतू जाईल म्हणाले आणि आत गेले. शेगडीवर काही नव्हतं. ती थोडा वेळ दारात थांबली आणि पाकीट घेऊन गेली.